दुसऱ्या ताटाचा आवाज

जालिंदर नलवड्यांचा आकडा रोज सकाळी सात वाजता यायचा, दूधवाल्याच्याही आधी. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर तो हिरव्या रंगात उमटायचा, आणि त्याच क्षणी तिकडे बेंगळुरूला त्यांच्या मुलीच्या, केतकीच्या मनगटावरही. दोन मिनिटांत तिचा निरोप यायचा : ‘एक्याऐंशी! मस्त, आप्पा.’ पुढं एक हसरा चेहरा. सात वाजून तीन मिनिटांनी बापलेकीचं त्या दिवसाचं बोलणं संपलेलं असायचं.

आकडा चांगला असला की माणसाला आणखी काय विचारायचं असतं? ताप उतरला की थर्मामीटरला कुणी ‘बरा आहेस ना’ असं विचारत नाही.

नलवड्यांच्या अन्ननलिकेत, छातीच्या मध्यावर गाठ आहे, हे संक्रांतीच्या सुमाराला कळलं. आधी भाकरी अडकायला लागली, मग पोळी, मग मऊ भातसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलावा लागायचा. चाळीस वर्षं हा माणूस उकळता चहा बशीत न ओतता थेट कपातून पीत आला होता. ‘घसा आहे का चुलीचं धुराडं,’ असं त्यांची बायको शालन म्हणायची. शालन जाऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे ‘बघा, मी सांगत नव्हते?’ असं म्हणायला आता कुणी उरलं नव्हतं. नलवड्यांना गाठीच्या खालोखाल ह्याचंच वाईट वाटलं.

फलटणच्या बाहेर, बारामती रस्त्यावरच्या ‘उमेद’ नावाच्या कर्करोग रुग्णालयात त्यांचे उपचार सुरू झाले. अठ्ठावीस दिवस किरणांचा मारा, रविवार सोडून रोज, आणि दर सोमवारी सलाईनमधून औषध. औषधानं गाठ हळवी करायची आणि किरणांनी तिला जाळायची. ही जोडगोळी काही लोकांत गाठीचा मागमूसही ठेवत नाही. काहींत मात्र गाठ वरून गेल्यासारखी दिसते आणि आत निखारा राहतो. अशा माणसाची अन्ननलिका कापून काढावी लागते, जठर वर ओढून त्याची नळी करून गळ्याशी जोडावी लागते. त्यानंतर माणूस जगतो, पण घासाघासाला थांबून जेवतो आणि बसल्या बसल्या झोपतो.

कुणाची गाठ पूर्ण जाईल आणि कुणाच्यात निखारा राहील, हे ओळखायचं कसं? वर्षानुवर्षं डॉक्टर ह्यावर डोकं खाजवत होते. ज्यांना गरज नव्हती त्यांच्या छातीवर सुऱ्या चालल्या आणि ज्यांना गरज होती ते वाट बघत बसले. मग ‘प्रतिसाद’ आला. ते यंत्र म्हणजे खरं तर एक प्रचंड मोठा हिशेब होता. चाळीस हजार रुग्णांचं सगळं त्याला शिकवलेलं होतं : गाठ किती साखर खाते हे दाखवणारी छायाचित्रं, गाठीतून सुटून रक्तात तरंगणारे जनुकांचे तुकडे, वजन, खोकला. आणि दोन वर्षांनी त्या माणसाचं काय झालं, तेही. नवा रुग्ण आला की ‘प्रतिसाद’ त्या चाळीस हजारांत त्याच्यासारखी माणसं शोधायचा आणि सांगायचा : अशा शंभरांतल्या इतक्या जणांची गाठ समूळ गेली. सत्तरच्या वर आकडा असला तर शस्त्रक्रिया नाही, दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघत राहायचं. सत्तरच्या खाली आला तर शस्त्रक्रिया. वेटिंग हॉलमधले रुग्ण ह्या यंत्राला पंचांग म्हणायचे.

पंचांगाचे कान मात्र रुग्णांच्या घरी असायचे. जेवताना गळ्याला एक मऊ पट्टा बांधायचा. घास किती वेळ चावला, किती वेळा गिळावं लागलं, मध्ये पाणी किती लागलं, ठसका लागला का, हे सगळं तो ऐकायचा. ताट-वाट्यांचे आवाज ऐकून कोणत्या वेळी काय वाढलं, तेही त्याला कळायचं. मोठी गंमत पुढंच होती. घरातल्या इतर माणसांनी ‘आमचं बोलणं का ऐकता’ म्हणून ओरड केली होती, त्यामुळे कायद्यानं पट्ट्याला एक बंधन घातलं होतं. पट्टा घातलेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाचाही आवाज आला की तो जागच्या जागी पुसला जायचा. राहायचं ते फक्त रुग्णाचं बोलणं आणि त्यामधली शांतता.

नलवडे जेवायला बसायचे ते दोन ताटं घेऊन.

ही सवय शालनच्या तेराव्यानंतर लागली. त्या दिवशी भटजींनी पान वाढायला सांगितलं, म्हणून वाढलं. दुसऱ्या दिवशी हात आपोआप मांडणीवरच्या दोन ताटांकडे गेला, आणि एक परत ठेवायला काही तो तयार होईना. तेव्हापासून दोन ताटं, दोन वाट्या, दोन भांडी. शालनच्या ताटात एक भाकरी, थोडी भाजी, कडेला ठेचा. मग नलवडे जेवता जेवता दिवसभराचं सांगायचे. आज किरणांच्या मशीनवरची पोरगी नवीन होती. शेजारच्या घाडग्यांनी पुन्हा आपल्या दारात गाडी लावली. सांगून झालं की थांबायचे, शालनला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा. ती बोलायला सावकाश होती. मग ‘तेच म्हणतो मी’ म्हणून पुढं चालू. जेवण झालं की दुसरं ताट मागच्या दारी, मांजरीला.

हे कुणाला माहीत नव्हतं. केतकीला तर नव्हतंच.

किरणांची पाळी यायला तास-दीड तास लागायचा. त्या वेळात नलवड्यांची ओळख झाली पारूबाई कोकऱ्यांशी. माणमधल्या एका वाडीवरून म्हातारी रोज एसटीनं यायची, डोक्यावर पदर, हातात किरणांची फाईल आणि एक रिकामी पिशवी. त्यांना तोच आजार होता, पण नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जेवण एकटीचं. त्यांचा आकडा होता सेहेचाळीस. नलवडे जमिनीच्या मोजणी खात्यात होते हे कळल्यापासून त्या त्यांना ‘मोजणीदार’ म्हणत.

एक दिवस त्यांनी विचारलं, “मोजणीदार, मानूस मरायच्या आदी त्याची जमीन मोजता येती का?”

नलवड्यांनी विचारलं, का हो आक्का?

“आकडा पडला न् भावकी गोळा झाली. पुतणं काय, पुतण्याच्या बायका काय. दोन वर्सं कुणी तोंड दावलं न्हाय. आता रोज येत्यात, जेवली का म्हून इचारत्यात, आन् जाताना बांधावर उभं ऱ्हाऊन पावलं मोजत्यात. सोलरवाल्यांनी आमच्या माळाला भाव दिलाय न्हवं.”

नलवडे कितीतरी दिवसांनी हसले. हसताना ठसका लागला, आणि पारूबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली ती चांगली घसघशीत. “तुमचं बरं हाय,” त्या म्हणाल्या. “तुमचा आकडा मोटा. तुमास्नी कोन तरास द्याया येत न्हाय.”

हे मात्र खरं होतं. केतकीनं पहिल्या आठवड्यात, इकडे यायचं म्हणून पुढची चार दिवसांची रजा मागून ठेवली होती. तेव्हा आकडा त्रेसष्ट होता आणि ती रोज फोनवर रडायची. दुसऱ्या आठवड्यातलं छायाचित्र चांगलं निघालं, पट्ट्यानं जेवणं ऐकली, आणि आकडा चढत चढत एक्याऐंशीवर गेला. केतकीनं रजा रद्द केली. तिच्या मुलाच्या शाळेचं होतं, कामाचं होतं. ‘आता काळजी नाही ना, आप्पा?’ असं तिनं विचारलं आणि नलवडे म्हणाले, नाही. दुसरं काय म्हणणार? एक्याऐंशी असताना ‘ये’ म्हणणं म्हणजे पाऊस नसताना छत्री मागण्यासारखं झालं असतं.

चौथ्या आठवड्यात डॉक्टर निलोफर मुजावर ह्यांनी त्यांना कारणपत्रक दाखवायला बोलावलं. आकडा का आला, हे रुग्णाला दाखवणं नियमानं बंधनकारक होतं. निलोफर तिशीच्या, बोलायला चटपटीत, आणि सगळ्या रुग्णांना काका-मावशी म्हणणाऱ्या. पडद्यावर आडव्या पट्ट्या होत्या, काही हिरव्या, काही तांबड्या. सगळ्यांत लांब हिरवी पट्टी छायाचित्राची होती. रक्तातल्या तुकड्यांची तिच्या निम्म्यानं. आणि मध्ये एक, जवळजवळ पहिलीइतकीच लांब. तिच्यासमोर लिहिलं होतं : जेवणात सोबत.

“ह्याचंच आम्हाला आधी नवल वाटलं होतं,” निलोफर म्हणाल्या. कुणी शेजारी बसून जेवत असलं तर माणूस चार घास जास्त खातो, असं त्यांनी समजावलं. वजन टिकतं, औषधाच्या फेऱ्या चुकत नाहीत. रात्री ताप आला तर सकाळपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येतो. यंत्राला ह्यातलं काही कळत नाही. चाळीस हजारांत त्याला दिसलं एवढंच, की सोबतीनं जेवणाऱ्यांची गाठ जास्त वेळा जाते. आणि हे फॉर्मवर विचारून कळत नाही, कारण लोक फॉर्मवर काहीही लिहितात. म्हणून ते ऐकायचं. ताटं किती वाजली, रुग्ण जेवताना किती बोलला, बोलताना उत्तरासाठी किती थांबला.

“तुमचं तर फारच छान आहे, काका. काकू समोर बसवून जेवायला लावतात, दिसतंय. त्यांना माझा सलाम सांगा.”

नलवड्यांनी त्या हिरव्या पट्टीकडे बघितलं. मग त्यांनी मान हलवली. ते ‘हो’ म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही म्हणाले नाहीत. निलोफर पुढं म्हणाल्या की सगळ्यांच्या नोंदी दोन वर्षांनी यंत्राच्या नव्या शिकवणीत जातात. “तुमच्यावरून ते पुढच्यांचं ठरवणार. म्हणजे तुम्ही एक प्रकारे सगळ्यांच्या उपयोगी पडताय.”

घरी येऊन नलवड्यांनी दोन ताटं वाढली आणि कितीतरी वेळ पट्टा हातात धरून बसले. शेवटी बांधला. त्या दिवशी ते शालनशी एक अक्षरही बोलले नाहीत. बोलावं तरी काय, पट्टा ऐकत होता. आणि बोललं नाही म्हणून आकडा पडला तर, ह्या भीतीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले. पण ते बोलणं खरं नव्हतं. शेजारच्या गाडीचं तेच गाऱ्हाणं त्यांनी मोठ्यानं सांगितलं आणि मोजून थांबले. शालन गेल्यानंतर घर इतकं रिकामं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

गप्प बसण्याची त्यांची ही दुसरी वेळ होती. पहिल्या वेळेचं मूळ नोकरी लागली त्या वर्षीचं. तेव्हा मोजणी साखळीनं व्हायची. तेहेतीस फुटांची लोखंडी साखळी, ओढत न्यायची, खुणा करत जायची. एका वाडीत गटाची हद्द मोजताना त्यांच्या साखळीची एक कडी वाकलेली होती आणि साखळी चार बोटं आखूड भरत होती. चार बोटं म्हणजे काय? पण लांबच्या हद्दीपर्यंत जाईतो त्या चार बोटांचे अकरा फूट झाले, आणि नलवड्यांनी आपल्या हातानं हद्दीचा दगड अकरा फूट आत रोवला. अठरा वर्षांनी उपग्रहाच्या यंत्रानं फेरमोजणी झाली तेव्हा त्यांच्याच ते लक्षात आलं. तोवर त्या दगडावरून सात पोटहिस्से पडले होते, एक विहीर खोदली गेली होती आणि दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालं होतं. त्यांच्या साहेबांनी सांगितलं, जुनं आहे, उकरू नका. नलवड्यांनी उकरलं नाही. फक्त शालनला सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं आणि म्हणाली, “दगड तुम्ही रोवला, पण ठेच लागतीय दुसऱ्यांना.” त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे आता आपणच दगड, असं नलवड्यांच्या मनात आलं. एकटा माणूस, दुकट्यांच्या रांगेत रोवलेला. दोन वर्षांनी यंत्र आपल्यावरून मोजणार. आपण मेलो तर म्हणणार, सोबतीचा काही उपयोग नाही. जगलो तरी ते सोबतीच्याच नावावर जमा होणार. दोन्हीकडून खोटं. आणि मधल्या मध्ये खुद्द आपलं काय? आत निखारा असला, तर ह्या खोट्या आकड्यावर विसंबून आपण दुर्बिणीची वाट बघत बसणार.

इतकं सरळ होतं तर त्यांनी लगेच जाऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण त्यांना शस्त्रक्रियेची भीती वाटत होती, अगदी लहान मुलासारखी. जठर वर ओढून गळ्याशी, हे शब्द ते मनातसुद्धा पुरते म्हणायचे नाहीत. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि तिची त्यांना लाज वाटायची. आकडा पडला की केतकी येईल, हे त्यांना ठाऊक होतं. सात वाजता आकडा लाल होईल आणि संध्याकाळच्या गाडीत ती बसलेली असेल. मग आपण खरं सांगतोय ते खऱ्यासाठी, की पोरगी यावी म्हणून? पारूबाईंची भावकी आकडा बघून आली होती. आपली मुलगी तशी नाही, हे त्यांना माहीत होतं. पण आकड्यानं बोलावलेलं माणूस आकड्याकडेच बघणार. रोज सकाळी सात वाजता.

पाचव्या आठवड्यात एक दिवस पारूबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आल्या, तोंड सुकलेलं. पुतण्यांनी घरात जेवायची पंगतच बसवली होती, त्या म्हणाल्या, कुणीतरी सांगितलं होतं म्हणे, की सोबतीनं जेवलं की आकडा वाढतो. “धा मानसं सभोवार बसून माज्या तोंडाकडं बगत्यात. घास उतरत न्हाय, भाऊ.” त्यांचा आकडा मात्र बावन्न झाला होता. पंचांगाला ताटं ऐकू आली होती.

नलवडे उठले. किरणांची पाळी तशीच ठेवून आधी काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलाला म्हणाले, माझा आकडा मुलीला जातो तो बंद करायचाय. मुलानं विचारलं, घरात भांडण झालं का? नलवडे म्हणाले, नाही, अजून नाही. अंगठा टेकवला, काम झालं. मग त्यांनी निलोफरच्या दारावर टकटक केली.

“डॉक्टर, माझ्या घरी कुणी नाही,” ते म्हणाले. “मी एकटाच असतो.”

निलोफरना आधी कळलंच नाही. नलवड्यांनी मग सगळं सांगितलं, दुसरं ताट, बोलणं, थांबणं, मांजर. सांगताना ते खिडकीकडे बघत होते. निलोफरनी फाईल उघडली.

“पण काका, फॉर्मवर तुम्ही विवाहित लिहिलंय.”

“आहेच की,” नलवडे म्हणाले.

निलोफरनी फाईल मिटली आणि सांगायचं ते सरळ सांगितलं. नोंद दुरुस्त करावी लागेल. आकडा नव्यानं निघेल आणि तो सत्तरच्या खाली येईल, हे जवळजवळ नक्की. मग तज्ज्ञांच्या बैठकीत शस्त्रक्रियेचा निर्णय होईल, किरणं संपल्यावर सहा आठवड्यांनी. इथं सोबतीला स्वयंसेवक मिळतात, हवं तर रोज एकाला जेवायला पाठवता येईल.

नलवड्यांनी विचारलं, त्यानं आकडा वाढेल?

“आकडा वाढेल. त्यानं गाठ जाईल का, हे मात्र मला माहीत नाही. यंत्रानं सोबत असलेली माणसं बघितली आहेत. मुद्दाम आणून बसवलेली सोबत त्यानं कधी बघितलेली नाही.”

पारूबाई कोकऱ्यांचंही बघा, असं नलवड्यांनी त्यांना सांगितलं. त्यांच्याही घरी ताटं वाजतात, पण जेवण होत नाही. निलोफरनी नाव लिहून घेतलं. दाराशी जाऊन नलवडे पुन्हा वळले. “साखळी बदलली म्हणून जमीन काही बदलत नाही ना, डॉक्टर? गाठ काल होती तेवढीच आज आहे.”

“तेवढीच आहे, काका. फक्त आपण कुठं उभे आहोत ते कळलं.”

दुसऱ्या दिवशी सातला पडद्यावर अठ्ठावन्न उमटलं. नलवडे त्याकडे बघत उभे राहिले. गॅसवर पातेलं ठेवायचं होतं, भाकरी दुधात भिजवायची होती, पण ते तिथून हलले नाहीत. ह्या क्षणी घरात कुणीतरी असायला हवं होतं, कुणीही, घाडगेसुद्धा चालले असते.

सातला निरोप आला नाही. सात वाजून तीन मिनिटं झाली, दहा झाली. नलवड्यांनी दूध तापवलं, दोन ताटं घेतली. आपल्या ताटात दुधातली भाकरी, शालनच्या ताटात कोरडी. पट्टा बांधला आणि बसले. पहिला घास तोंडात घातला तेवढ्यात फोन वाजला. तो त्यांनी ताटाशेजारी ठेवला.

“आप्पा, आकडा दिसत नाहीये,” केतकी म्हणाली. घाईत होती, मागं मुलाचा डबा भरल्याचा आवाज येत होता. “त्यांची यंत्रणा बंद पडलीय का? मी तक्रार टाकू का?”

“यंत्र चालू आहे. मी बंद केलंय तुझ्याकडचं.”

“का?” तिकडचा डब्याचा आवाज थांबला. “किती आहे आज?”

“सांगतो. सगळं सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण आधी दुसरं काहीतरी विचार.”

“दुसरं काय विचारू? आप्पा, मला भीती वाटतीय. आकडा नसला तर मला कसं कळणार तुम्ही कसे आहात?”

नलवड्यांनी पुढचा घास घेतला. तिकडे मुलानं काहीतरी विचारलं, ती ‘थांब रे’ म्हणाली, आणि एक दार लागल्याचं ऐकू आलं. आता ती फोन ठेवणार, असं त्यांना वाटलं.

“काय खाताय आत्ता?” केतकीनं विचारलं. आवाज बदललेला होता.

जानेवारीपासून त्यांना हे घरच्या कुणी विचारलं नव्हतं. घास, घोट, ठसके, सगळं मोजलं गेलं होतं, पण विचारलं नव्हतं. नलवड्यांनी घास गिळला, त्याला तीनदा गिळावं लागलं, आणि सांगितलं : भाकरी, दुधात कुस्करून. साखर नाही घातली. कालची थोडी शिळी आहे, पण शिळी जास्त चांगली भिजते. तिखट आता सोसत नाही. आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, म्हणून :

“केतकी, मी रोज दोन ताटं वाढतो.”

सांगून ते थांबले. शालनसाठी थांबायचे तेवढंच, सवयीनं. दोन वर्षं ह्या थांबण्यात काही आलं नव्हतं, आणि आताही काही येईल अशी त्यांनी अपेक्षा ठेवली नव्हती. पुढचं वाक्य त्यांनी तोंडात तयारही केलं होतं.

“आईच्या ताटात ठेचा वाढलाय का?” केतकीनं विचारलं. ती रडत होती. “तिला ठेच्याशिवाय भाकरी जात नाही, आप्पा.”

नलवड्यांनी समोर बघितलं. गडबडीत आज ठेचा राहिला होता. “राहिला बघ,” ते म्हणाले, “थांब, वाढतो,” आणि फोन तसाच ठेवून उठले.

गळ्यातल्या पट्ट्यानं नेमाप्रमाणे सगळं टिपून घेतलं आणि दुसरा आवाज नेमाप्रमाणे पुसून टाकला. त्या सकाळच्या नोंदीत एवढंच राहिलं की रुग्ण बोलला, थांबला, पुन्हा बोलला. आदल्या दिवशी हाच प्रकार डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेला होता, म्हणून यंत्रानं ह्या वेळी चूक केली नाही. त्यानं ‘जेवणात सोबत’ ह्या ओळीसमोर लिहिलं : एकटा.